थांबायच्या पट्टीवर

रात्री अकरा चाळीसला फॉप्पे ट्रकवरचा पिवळा दिवा लावतो
आणि आम्ही निघतो ताशी पाच किलोमीटरने,
माणूस चालतो तेवढ्या वेगात,
जिथून दिवसा सगळे शंभरने जातात.
ग्रोनिंगन मागे, पुढे नुसती सपाट काळी शेतं.
ट्रकच्या पोटाखाली फिरत्या नळ्या,
पाण्याचा मारा असा की बोट घातलं तर बोट राहणार नाही,
आणि मागोमाग रस्त्याला तोंड लावून ओढणारा पंप.

रस्ता म्हणजे भरीव काहीतरी, असं लोकांना वाटतं.
हा तसा नाही.
ह्यात खडी, खडीला धरून ठेवण्यापुरतं डांबर,
आणि बाकी मुद्दाम राखलेली रिकामी जागा,
शंभरात वीस भाग काहीच नाही.
त्या काहीच-नाहीचे पैसे मोजलेत आम्ही.
पाऊस त्यातून खाली उतरतो, कडेच्या चराला लागतो,
आणि टायरच्या खाचेत कोंडलेली हवा
टाळी न वाजवता निघून जाते.

भिंतीला कान असतात म्हणतात.
ह्या रस्त्यालाही आहेत, दोन खड्यांच्या मध्ये एक.
आवाज आत शिरतो
आणि बाहेर यायची वाट विसरतो.

पण कान म्हटला की मळ आला.
ऑक्टोबरात बीटाच्या ट्रकांमागून सांडत येणारी चिकणमाती,
टायरचा काळा चुरा, ब्रेकची भुकटी,
मे महिन्यात पॉप्लरचा कापूस, त्याच्यावर पाणी पडून झालेला लगदा.
टाकी उघडली की सगळं एकाच रंगाचं.

वाहत्या पट्टीला मळ फारसा धरत नाही.
चाकं येतात, दाबतात, शोषतात, पुढे जातात;
राबता आहे म्हणून ती मोकळी.
बुजते ती थांबायची पट्टी,
जिच्यावर कोणी येतच नाही
पंक्चर झाल्याशिवाय.
आणि शेजारणीचं सगळं पाणी हिच्याच पोटातून जायचं असतं.

बांधापलीकडे ट्रेन्त्ये हुक्झेमा राहतात.
चाळीस वर्षं पियानो सुरात लावले.
खात्याला शाईने पत्र लिहितात:
रस्ता पुन्हा बोलायला लागलाय.
पूर्वी श्वास होता, आता फुत्कार आहे,
आणि तो कुठल्याच पट्टीत बसत नाही,
दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळतो,
सकाळी सहापासून.

खात्याने तीन परिच्छेदांत आभार मानले.
पत्रांना उत्तर द्यायचं नाही, असा फॉप्पेने
केव्हाच कानाला खडा लावलाय.
मीही गप्प.
कारण त्यांचा आवाज आमच्या पट्टीतला नाहीच.
तो वाहत्या पट्टीचा आहे, अकरा वर्षांची ती,
एकेक खडा सुटून खरबरीत झालेली.
ते धुऊन जात नाही.
ते खरवडून काढायचं, दोन वर्षांनी, पैसे आले तर.

तरी आम्ही धुतो.
पाणी आत, गाळ बाहेर, मीटर मीटर, पहाटे चारपर्यंत.

पुढच्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं.
तुम्ही आलात त्या रात्री फार फरक पडला.
चार वर्षांत पहिल्यांदा मला माझा फ्रिज ऐकू आला,
पाव सुराने उतरलेला आहे.
मंडळींना कळवावे.

फॉप्पेने वाचलं, परत वाचलं.
म्हणाला, त्या रात्री आपण शेजारची पट्टीही बंद ठेवली होती.
वाहनंच नव्हती, बाई.
मग पत्र घडी करून
सन-व्हायझरच्या मागे खोचलं
आणि हे कोणाला सांगायचं नाही, असं न म्हणता ठरलं.

काम संपलं की मी गुडघ्यावर बसते,
रस्त्यावर कडं ठेवून त्यात लिटरभर पाणी ओतते,
घड्याळ लावते.
धुण्याआधी एक्केचाळीस सेकंद.
आता एकोणीस.
कोरा होता तेव्हा सात,
वहीत पहिल्या पानावर लिहिलंय, दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात.
मी एकोणीस लिहिते.
तेवढ्यात पहिली गाडी येते, जाते,
आणि तिचा आवाज किती वेळ राहतो
तेही मी मोजते. त्याला वहीत रकाना नाही.